दिवसाला दहा वाक्यं

मुरबाडच्या एका कारखान्यात मी चोवीस वर्षं पॉवर प्रेसवर होतो. पत्रा सरकवायचा, पेडल दाबायचं, प्रेस खाली येणार, तुकडा बाहेर. दिवसाला किती हजार वेळा, कोण जाणे. तिथल्या धडधडीत शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी खुणांनीच बोलावं लागायचं. चहा हवा असेल तर अंगठा ओठाला, साहेब आला तर कॉलरला हात. सगळेच असे बोलायचे, त्यामुळे माझं ऐकणं कमी होत चाललंय हे मला कामावर कधी कळलंच नाही. घरी कळलं. दारात उभा राहून हाका मारणारा माणूस कंटाळून परत जायचा आणि मी आत बसलेलो असायचो.

एक्कावन्नाव्या वर्षी मी नोकरी सोडली. शेणव्याच्या आत दीड किलोमीटरवर आमचं गाव. घरची भातशेती आहे, मुलगी लग्न होऊन बदलापूरला गेलेली, घरात मी आणि बायको. मुलीने कल्याणला नेऊन कान तपासून घेतले आणि कानाची मशीनं करून आणली. ती लावली की भांडी, कावळे, पंखा, एसटीचा हॉर्न, सगळं अंगावर येतं. फक्त माणसाचं बोलणं तेवढं येत नाही. आवाज येतो, शब्द येत नाही. समोरच्याचे ओठ बघायचे, एखादा शब्द पकडायचा आणि बाकीचं आपणच जुळवायचं.

यातून मला एक सवय लागली. नाही कळलं की ‘हो’ म्हणायचं. एकदा ‘काय?’ विचारलं तर माणूस परत सांगतो, दुसऱ्यांदा विचारलं तर ओरडून सांगतो, तिसऱ्यांदा विचारलं की तोंड वाकडं करून ‘जाऊ दे’ म्हणतो. ते वाकडं तोंड बघण्यापेक्षा ‘हो’ बरं. मी हसून मान हलवायचो आणि लोकांना वाटायचं, मशीनं चांगली बसली.

एका वैशाखात भाताचं बियाणं आणायला मुरबाडला गेलो होतो. एसटी स्टँडजवळ माझा जुना जोडीदार भेटला. बारा वर्षं आम्ही शेजारशेजारच्या प्रेसवर उभे होतो, एका डब्यात जेवलो होतो. डोक्याला रुमाल गुंडाळलेला. ऊन तसं होतंच. त्याची आई महिनाभर कल्याणला दवाखान्यात आहे हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, आईचं कसं आहे? तो काहीतरी बोलला. मला ‘आली’ असं दिसलं. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि हसून म्हणालो, “बरं झालं रे. सुटली बिचारी. तू पण सुटलास.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग वळला आणि सरळगावच्या जीपमध्ये जाऊन बसला. मला वाटलं, जीप सुटत असेल.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की त्याची आई घरी आली. ती चुलीपुढून उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “अवो, ती गेली. मंगळवारी. मी तुमाला सांगितलं व्हतं.”

सांगितलं असणारच. मी ‘हो’ म्हणालो असणार.

कार्याला मी त्याच्या घरी गेलो. मांडवात माणसं बसली होती. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो की मला ऐकू आलं नव्हतं, माझं चुकलं. त्याने हात जोडले, काहीतरी उत्तर दिलं आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही आणि परत विचारायची ती जागा नव्हती. त्यानंतर त्याने मला फोन केला नाही. मी फोन करून काय ऐकणार होतो?

त्या पावसाळ्यात मी घराबाहेर पडणंच कमी केलं. लावणीला गेलो की माझ्या ओळीत मान खाली घालून रोपं लावायची. बाकीचे बोलायचे, हसायचे. वाकलेल्या माणसांचे ओठ दिसत नाहीत. संध्याकाळी गावच्या नाक्यावर जायची जुनी सवय होती, तीही सुटली.

मुलीनेच मला त्या गटात घातलं. ऐकू न येणाऱ्या मराठी माणसांचा फोनवरचा गट होता. शेदोनशे माणसं असतील, कुठकुठली. काही जन्मापासूनची, पण जास्त करून माझ्यासारखी मागाहून बहिरी झालेली. मला टाईप करायला शिकवण्यासाठी ती स्वतःही गटात राहिली. पहिला महिनाभर मी नुसतं वाचलं. मशीनमध्ये घाम गेला तर काय करावं, बँकेत काचेपलीकडच्या माणसाशी कसं बोलावं, सुनेला कसं सांगावं की पाठ करून बोलू नकोस. हे सगळं माझ्याही वाट्याला येत होतं आणि मला वाटत होतं, ते फक्त माझ्याच बाबतीत होतंय.

मग एक दिवस मी मुरबाडच्या स्टँडवरची हकिगत लिहिली. आमच्या घरात रेंज नाही. खळ्याच्या कडेला जांभळाखाली दगड आहे, तिथे येते. सकाळी दहाच्या सुमारास बसलो आणि जेवायच्या वेळेला लिहून झालं. शेवटी माझं मतही लिहिलं: ऐकू न येण्यात आपला दोष नाही, पण न ऐकता ‘हो’ म्हणणं हे खोटं बोलणं आहे आणि आपण सगळे दिवसभर खोटं बोलतो.

संध्याकाळपर्यंत चाळीस-पन्नास जणांनी उत्तरं दिली. बऱ्याच जणांनी आपापली हकिगत लिहिली. एक जण लग्नाच्या बोलणीत नको त्या गोष्टीला ‘हो’ म्हणाला होता. एकाने डॉक्टरला ‘हो’ म्हणून नको ती गोळी खाल्ली होती. नाशिककडच्या एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी लिहिलं की तुमचं मत मला मान्य नाही. समोरच्याकडे सांगायला सबुरी थोडीच असते, ती मी महत्त्वाच्या गोष्टींसाठी राखून ठेवते. सगळ्याला ‘काय, काय’ केलं तर घरात कोणी उभं करणार नाही. ‘हो’ म्हणणं खोटं नाही, ती काटकसर आहे.

मी त्यांना उत्तर लिहिलं, त्यांनी मला. चार-पाच दिवस आमचं चाललं. कोणी मध्ये पडेना. मला आठवेना की माझ्याशी याआधी असं कोण भांडलं होतं. बहिऱ्या माणसाशी कोणी भांडत नाही. भांडायला ऐकू यावं लागतं. सकाळी उठलो की मी मनात वाक्यं जुळवायला लागायचो. गोठा झाडताना, बांधावर गवत काढताना, यांना आज काय उत्तर द्यायचं याचा विचार करायचो. गटात मला बोलका समजायचे. हे मी बायकोला एकदा सांगितलं तर ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

असं वर्षभर गेलं. मी गटात बऱ्याच गोष्टींवर लिहिलं. सुकलेल्या पानांवरून चालताना आपल्याच पायाचा आवाज येत नाही, त्याचं काय वाटतं ते लिहिलं. लोक आपल्याशी लहान मुलासारखं बोलतात त्यावर लिहिलं. स्टँडवरच्या जोडीदाराला फोनवर लिहून माफी मागा, असं कोणी सुचवलं म्हणून मी त्याला मोठा मेसेजही पाठवला. त्याने वाचल्याच्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

पुढच्या दिवाळीच्या आधी मी जे लिहिलं त्याची मला आजही लाज वाटते. लिहिताना वाटली नव्हती.

एक दिवस मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजलं की माझ्या घरात माझ्याशी किती बोललं जातं. दहा वाक्यं झाली. ती मी गटात तशीच लिहून काढली. उठा. चहा घ्या. पंप बंद करा. सरका. जेवा. एवढंच? वाढू का? दार लावा. उद्या गिरणीत जा. झोपा. आणि खाली लिहिलं की तीस वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला आता दिवसाला दहा वाक्यं उरली आहेत, त्यात एकही असं नाही जे गुराला किंवा गड्याला सांगता येणार नाही.

एवढी उत्तरं माझ्या कशालाच आली नव्हती. लोकांनी आपापल्या घरातली वाक्यं मोजून पाठवली. कोणाची सहा, कोणाची चौदा. एकाने लिहिलं, तुम्ही नशीबवान, मला तीन. किती तरी जणांनी लिहिलं की वाचून रडू आलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. नाशिकच्या बाईंनी मात्र त्यावर काहीच लिहिलं नाही.

भाऊबीजेला मुलगी दोन दिवस राहायला आली. दुपारी मी खळ्यात भाताच्या पेंढ्या रचत होतो. दारातून चूल दिसत होती. बायको भाकऱ्या थापत होती आणि मुलगी शेजारी बसून फोनमधलं काहीतरी वाचून दाखवत होती. सुरुवातीला दोघी हसत होत्या. मग बायकोचे हात परातीत थांबले. मुलगीही वाचता वाचता थांबली. बायकोने तिला हाताने खूण केली, वाच पुढे. मला वाटलं, कुणाच्या लग्नाचं काही असेल. मी पेंढ्या रचत राहिलो.

मुलगी गेली. भात झोडणी चालू होती, कामाचे दिवस होते. चौथ्या दिवशी जांभळाखाली फोन उघडला तर मुलीचा मेसेज होता.

“बाबा, तुम्ही छान लिहिता म्हणून मी आईला वाचून दाखवलं. आधी वाचलं नव्हतं, चुकलं माझं. आई फोनवर म्हणाली, ती चार दिवस तुमच्याशी बोलत नाहीये. तुम्हाला कळलं का?”

मला कळलं नव्हतं.

मी दगडावर बसून ते चार दिवस आठवायला लागलो. ताट वेळेवर समोर येत होतं. चहा येत होता. ती समोरून जात होती, येत होती. तिचे ओठ हलत होते की नाही हे मी बघितलंच नव्हतं. दहा वाक्यांची शून्य झाली होती आणि ज्याने ती मोजली त्याला पत्ता नव्हता.

तिच्याशी बोलावं असं त्या दिवशी ठरवलं, पण धीर झाला नाही. त्याच आठवड्यात गटातल्या लोकांनी ठाण्यात भेटायचं ठरवलं होतं. मी आधीच येतो म्हणून कळवलेलं. मनात आलं, तिथे जाऊन कोणाला तरी विचारू. बायकोला कागदावर लिहून दिलं की ठाण्याला जातोय, संध्याकाळी येतो. तिने वाचलं, कागद डब्याखाली ठेवला आणि भाकरी बांधून दिली.

एका शाळेचा वर्ग घेतला होता. तीस-पस्तीस माणसं आली होती. वर पंखे फिरत होते, फरशीवर बाकं सरकत होती, खिडकीबाहेर रस्ता. सगळ्यांच्या कानात मशीनं आणि सगळ्यांच्या मशीनमध्ये तोच एक गोंगाट. जे गट चालवतात ते गृहस्थ पुढे उभे राहून काही बोलले. आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होतो. त्यांना दाट मिशा होत्या. मी इकडे तिकडे बघितलं तर प्रत्येक जण हसून मान हलवत होता.

वर्षभर ज्यांच्याशी पानंच्या पानं बोललो होतो ती माणसं समोर होती आणि कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं. एकमेकांचे हात हातात घेत होतो, आपलं गाव सांगत होतो, परत सांगत होतो. थोड्या वेळाने लोक भिंतीला टेकून आपापल्या फोनमध्ये बघायला लागले.

नाशिकच्या बाई आल्या होत्या. मी त्यांना उंच समजत होतो. त्या माझ्या खांद्यापर्यंतही नव्हत्या. फार भरभर बोलायच्या. त्यांनी मला काहीतरी विचारलं आणि मी हसून ‘हो, हो’ म्हणालो. त्यांनी पर्समधून फोन काढला, टाईप केलं आणि माझ्यासमोर धरला.

“आत्ता हो म्हणालात. मी काय विचारलं?”

मी लिहिलं, माहीत नाही.

त्यांनी लिहिलं, “मी विचारलं, घरचं कोणी आलं नाही का बरोबर?”

मग आम्ही एका बाकावर बसलो आणि एकच फोन इकडून तिकडे देत राहिलो. मी लिहिलं की बायको माझ्याशी बोलत नाही. त्यांनी वाचलं आणि लिहिलं, तुम्हाला कसं कळलं? मी खरं ते लिहिलं, मुलीने सांगितलं. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मी विचारलं की त्या दिवशी दहा वाक्यांवर तुम्ही का लिहिलं नाहीत. त्यांनी बराच वेळ टाईप केलं, पुसलं, परत केलं. शेवटी एवढंच होतं: त्या घरात आणखी एक माणूस आहे, तिचं लिहिणं मला कुठे वाचायला मिळणार होतं?

येताना आसनगावला उतरलो, शेणव्यापर्यंत जीप मिळाली, तिथून चालत घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. बायको खळ्यात सुपाने भात पाखडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, “तू बोलत नाहीस.”

तिने सूप खाली ठेवलं. उठली, दोन पावलं फिरून मावळतीच्या बाजूला तोंड करून बसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती नेहमी असं करते. माझ्याशी बोलायचं असलं की आधी उजेडाकडे तोंड करते, म्हणजे मला ओठ दिसावेत. किती वर्षं करत होती, मला सांगता येणार नाही.

ती म्हणाली, “मी येकेक गोष्ट तुमाला चार-चार टायमाला सांगते. पयली तीन तुमाला आयकू नाय येत. तुमी चवथीच मोजलीत.”

मला सगळे शब्द कळले होते.

“चार टायमाला सांगायचं तर काय सांगायचं मानसानं? जेवा, सरका, येवढंच सांगून होतं. दुसरं सांगायला गेले तर तुमी हो म्हनता. मंग मी गाईला सांगते.”

मग तिने विचारलं की त्या लोकांना माझं नाव ठाऊक आहे का. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, “मंग ऱ्हाऊ दे. पन आता माझं लिवू नका तिकडं.” आणि तिने सूप उचललं.

दुसऱ्या दिवशी मी ते लिहिणं गटातून काढून टाकलं. काही जणांनी विचारलं, का काढलं, किती छान होतं. मी लिहिलं की मोजण्यात चूक झाली होती. त्याहून जास्त काही लिहिलं नाही. काहींनी ते आधीच आपल्याकडे साठवलं होतं, दुसऱ्यांना पाठवलंही होतं. ते आता कुठे कुठे असेल, मला ठाऊक नाही.

घरात फार काही बदललं असं मी म्हणणार नाही. आम्ही एक पाटी आणली, मुलांची असते तशी. चार दिवस वापरली. बायको चौथीपर्यंत शिकलेली. तिला लिहायला वेळ लागतो आणि लिहिताना तिचं सांगायचं आटून जातं. पाटी आता भाताच्या कणगीवर पडून आहे. ती बोलते, मी ‘परत सांग’ म्हणतो, ती सांगते. कधी कळतं. कधी दोघंही दमतो आणि ती कुंपणापाशी शेजारणीकडे जाते. तिथे दोघी हात हलवून हसत असतात. मी ओटीवरून बघतो. तिला बोलायला येतं, छान येतं, हे मला दुरून दिसतं.

मी अजून गटात आहे. मशीनच्या सेलबद्दल, सरकारी दाखल्यांबद्दल कोणी विचारलं तर सांगतो. मतं लिहिणं कमी झालं. नाशिकच्या बाई अधूनमधून मुद्दाम काहीतरी काढतात, मी वाद घालावा म्हणून. एखादं उत्तर देतो. घराबाहेरचं काही लिहायला बसलो की ते फिरून घरात येतं, आणि घरातलं मला लिहायचं नसतं.

या उन्हाळ्यात मुलीचं दुसरं बाळंतपण झालं. बायको दीड महिना बदलापूरला राहिली. मी एकटाच होतो. एक दिवस दुपारी जांभळाखाली बसलो होतो तर फोनमध्ये तिचा निरोप आला. टाईप करणं तिला जमत नाही म्हणून मुलीच्या फोनवरून बोलून पाठवलेला होता. एक मिनिट चाळीस सेकंद.

बोललेलं लिहून दाखवणारं एक ॲप मुलीने फोनमध्ये टाकून दिलंय. टीव्हीवरच्या बातम्या ते बऱ्यापैकी लिहितं. तिचा निरोप त्याला लावला तर भलतंच काहीतरी आलं. कुठे ‘नायक’, कुठे ‘आम्ल’, मध्येच कुठल्या तरी गावाचं नाव. तिची बोली त्याला कळत नव्हती. मी मशीन काढलं, फोन कानामागच्या हाडाला दाबून धरला आणि आवाज पूर्ण वाढवला. तिचा आवाज आहे एवढं कळलं. कुठे चढला, कुठे उतरला, मध्ये एकदा ती थांबली, ते कळलं. शब्द एकही नाही. मी चार-पाच वेळा लावला. शेजारी कोणाला ऐकवून विचारता आलं असतं. ऐकवलं नाही.

मी मुलीला मेसेज केला की आई काय म्हणते ते लिहून पाठव. संध्याकाळी तिचं उत्तर आलं. मिरच्या वाळत घाला आणि गाईला दोन वेळ पाणी दाखवा.

मी परत विचारलं, एवढंच? निरोप तर मोठा होता.

मुलीने लिहिलं, “बाकी असंच हो बाबा. आईचं नेहमीचं.”

मी मिरच्या अंगणात पसरल्या. निरोप फोनमध्ये ठेवला आहे.